अणुशक्तीची पाणबुडी आणि कामगाराची सही



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही बोनस, महागाईभत्ता किंवा कंत्राटी पद्धत यांपैकी कशावर तरी बोलू अशी त्यांची समजूत असावी. आम्ही अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुडीचे नाव घेतल्यावर क्षणभर कोणी बोलले नाही. मग त्यांतील एका वडीलधाऱ्या सद्गृहस्थांनी हळूच विचारले, "तुमचा आणि पाणबुडीचा संबंध काय हो?" प्रश्न रास्त होता. आमचे शाळेतले शिक्षण नववीलाच आटोपले. पुढचे जे काही झाले ते फिटरच्या बाकावर, रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत आणि नगरवाचन मंदिराच्या टेबलाशी झाले. शिवाय पुण्यास समुद्र नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली ही व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून या व्यासपीठावरून मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. त्यांच्या मानाने आमचा अधिकार तो काय? पण संबंध आहे, आणि तो दाखविण्यासाठीच आम्ही उभे आहोत.

इंदापूर तालुक्यात, म्हणजे आपल्याच पुणे जिल्ह्यात, वालचंदनगर आहे. उसाच्या मळ्यांतून उभे राहिलेले गाव. साखर कारखान्याची यंत्रे करता करता तिथले लोक जड यंत्रे करू लागले. आपल्या देशाची पहिली अणुपाणबुडी 'अरिहंत', तिचा गिअरबॉक्स या वालचंदनगरात तयार झाला. टर्बाइन गरगर फिरतो, पाण्यातला पंखा सावकाश फिरावा लागतो; या दोहोंत मेळ घालणारा तो गिअरबॉक्स. दाते जराही खडबडीत राहिले तर आवाज होतो, आणि पाणबुडीचा आवाज झाला की शत्रूला तिचा पत्ता लागतो. इंदापूरच्या माळावर, समुद्रापासून इतक्या दूर, कोणी एक टर्नर आणि कोणी एक फिटर हे दाते घासूनपुसून मायक्रॉनपर्यंत आणीत होता. योगायोग पाहा, अरिहंत जिथे बांधली गेली त्या विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा पाया घालणारे शेठ वालचंद हिराचंद हे सोलापूरचे. १९४१ साली तिथे त्यांच्या कारखान्याची कोनशिला बसविण्यात आली आणि १९४८ मध्ये 'जलउषा' हे जहाज पंडित नेहरूंच्या उपस्थितीत पाण्यात उतरले. तेव्हा आमचे म्हणणे एवढेच, की पाणबुडी समुद्रात पोहते खरी, पण ती घडते तुमच्याआमच्या गावांत.

आता यंत्राचे थोडे सांगतो. साध्या पाणबुडीत डिझेल इंजिन आणि विजेच्या बॅटऱ्या असतात. इंजिनाला हवा लागते, म्हणून बॅटऱ्या भरण्यासाठी तिला वरचेवर पाण्याच्या पृष्ठभागाजवळ येऊन श्वास घ्यावा लागतो. व्हेल माशाची जी अडचण तीच तिची. अणुभट्टीला हवा लागत नाही. युरेनियमचे अणू फुटतात, त्यांच्या उष्णतेने भोवतालचे पाणी तापते. हे पाणी प्रचंड दाबाखाली ठेवलेले असल्यामुळे उकळत नाही. ते नळ्यांतून फिरते आणि दुसऱ्या, स्वच्छ पाण्याला आपली उष्णता देते. या दुसऱ्या पाण्याची वाफ टर्बाइन फिरवते. म्हणजे शेवटी सगळा कारभार वाफेचाच. आमच्यासारख्या बॉयलरजवळ उमेदवारी केलेल्या माणसाला हे वाचून फार आनंद झाला होता! अमेरिकेची 'नॉटिलस' १७ जानेवारी १९५५ रोजी अशा रीतीने प्रथम निघाली. एकदा इंधन भरले की वर्षानुवर्षे चिंता नाही. पाण्याखाली किती दिवस राहायचे ते माणसांच्या शिध्यावर ठरते.

आपल्याकडे हे काम तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात अनेक वर्षे गुप्तपणे चालले होते. पाणबुडीत भट्टी बसविण्याआधी तिची सख्खी जुळी बहीण तमिळनाडूत कल्पाक्कम येथे जमिनीवर, पाणबुडीच्या अर्ध्या सांगाड्यात बसविण्यात आली. ही जमिनीवरची भट्टी ११ नोव्हेंबर २००३ रोजी पेटली आणि सप्टेंबर २००६ मध्ये पूर्णपणे कामास लागली. अरिहंत २६ जुलै २००९ रोजी पाण्यात उतरली, आणि त्यानंतर आठवड्याच्या आत, २ ऑगस्टला, तेव्हाचे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर यांनी पत्रकारांना कल्पाक्कमची ती भट्टी दाखविली. तिची शक्ती ८३ मेगावॉट सांगतात. पाणबुडीतली भट्टी ऑगस्ट २०१३ मध्ये पेटली, २०१६ मध्ये बोट नौदलात दाखल झाली, आणि तिची धाकटी बहीण 'अरिघात' ऑगस्ट २०२४ मध्ये आली. घाई न करता, आधी जमिनीवर चालवून पाहून मग पाण्यात नेण्याचा हा जो क्रम आमच्या शास्त्रज्ञांनी धरला, त्याबद्दल त्यांना आम्ही मनापासून मान देतो. आज पुढे जी टीका करणार आहोत ती हे मान्य करूनच.

अणुभट्टीची एक खोड सगळ्यांनी लक्षात ठेवली पाहिजे. डिझेल इंजिन बंद केले की ते बंद होते. अणुभट्टी बंद केली तरी तिच्यात धग राहते, जशी विस्तव काढून घेतलेल्या चुलीत राहते. फरक एवढा की ही धग बाहेरून आलेली नसते, आतले फुटलेले अणू ती निर्माण करीतच राहतात. बंद केल्याच्या क्षणी ती पूर्ण शक्तीच्या सहासात टक्के असते, तासाभराने सुमारे दीड टक्का. दीड टक्का म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण ८३ मेगावॉटचा दीड टक्का म्हणजे बाराशे किलोवॉट. आपल्या न्हाणीघरात पाणी तापवायची एक किलोवॉटची कांडी असते ना, तशा बाराशे कांड्या एका बंद पिंपात जळत आहेत आणि त्यांचे बटण कोणाच्याही हाती नाही, असे समजा. म्हणून पाणी फिरते राहिले पाहिजे. पंप, झडपा, नळ्या, सांधे, यांवर सगळा भरवसा.

४ जुलै १९६१ रोजी उत्तर अटलांटिकमध्ये सोव्हिएट पाणबुडी 'के-१९' हिच्या भट्टीची पाण्याची नळी फुटली. आणीबाणीत थंड पाणी देणारी दुसरी व्यवस्था तिच्यात बसविलेलीच नव्हती. मग खलाश्यांनीच भट्टीच्या खोलीत शिरून हाताने नळ्या जोडल्या आणि ती व्यवस्था तिथल्या तिथे उभी केली. बोट वाचली. आत गेलेले आठ जण तीन आठवड्यांच्या आत वारले. आणि त्या जुलै महिन्यातच, बरोबर आठ दिवसांनी, १२ तारखेला आपल्या पुण्यात काय झाले ते सांगायला नको. आमचा जन्म नंतरचा. पण आमची आई सांगे की ओंकारेश्वराजवळची आमची खोली गेली तेव्हा घरातला पाटा तेवढा जागेवर सापडला. पानशेतचे धरण पुरते झाले नव्हते आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यात पाणी भरले गेले. कुठे अणुभट्टी आणि कुठे मातीचे धरण, असे कोणी म्हणेल. पण काम पुरे होण्याआधी त्यावर भार टाकला हा प्रकार दोन्हीकडे सारखा आहे, आणि भार टाकण्याचा हुकूम देणारे लोक बहुधा त्या भाराखाली राहत नसतात.

आता 'थ्रेशर'ची हकीकत. ही आम्ही जरा सावकाश सांगणार, कारण ती सर्वस्वी कारखान्याची हकीकत आहे. अमेरिकेची ही अणुपाणबुडी दुरुस्तीनंतर खोल पाण्याच्या चाचणीस गेली आणि १० एप्रिल १९६३ रोजी १२९ माणसांसह बुडाली. त्यांपैकी १७ जण नौदलाचे नव्हते. गोदीतले आणि कंपन्यांतले मुलकी लोक होते. चौकशी मंडळाला जे संभवनीय वाटले ते असे, की समुद्राच्या पाण्याच्या नळीचा एक सांधा गेला, पाण्याच्या फवाऱ्याने विजेची यंत्रणा बिघडली, त्यामुळे भट्टी बंद पडली आणि वर येण्याची शक्ती बोटीत राहिली नाही. भट्टी स्वतः बिघडली नव्हती. बिघडला तो एक चांदीच्या डाखाचा सांधा. असे सुमारे तीन हजार सांधे त्या बोटीत होते. बुडण्याआधी गोदीत त्यांपैकी १४५ सांधे ध्वनिलहरींच्या उपकरणाने तपासले होते, आणि त्यांतले १४ टक्के कमअस्सल निघाले होते. श्रोतेहो, हा हिशेब कोणताही फोरमन करील: शंभरात चौदा, म्हणजे तीन हजारांत चारशेवर. पुढे काय केले? उरलेले सांधे तपासायचे सोडून दिले. वेळ जात होता.

यानंतर अमेरिकन नौदलाने तपासणीची एक कडक पद्धत घालून दिली. समुद्राचे पाणी आत येऊ शकेल अशा प्रत्येक जागेच्या प्रत्येक तुकड्याचा कागद हवा: पोलाद कुठले, सांधा कोणी केला, कोणी तपासला, सही कोणाची. कागद नाही तर तुकडा नाही. १९१५ पासून १९६३ पर्यंत लढाईवाचूनच्या कारणांनी त्यांच्या १६ पाणबुड्या बुडाल्या होत्या. त्यानंतर एकच गेली, १९६८ साली 'स्कॉर्पियन', आणि तिला या पद्धतीचा दाखला मिळालेला नव्हता. ज्या ॲडमिरल रिकोव्हरने अमेरिकेच्या अणुपाणबुड्या उभ्या केल्या तो गृहस्थ स्वभावाने जमदग्नी होता, हाताखालच्यांना नको नको करून सोडी. आमच्या युनियनशी त्याचे एक दिवस पटले नसते. पण नवी बोट पहिल्या चाचणीस निघाली की तो स्वतः आत जाऊन बसे. आमच्या ओळखीच्या कारखानदारांपैकी किती जण नव्या बॉयलरला पहिला दाब देताना शेजारी उभे राहतात?

हे सगळे दुसऱ्यांविषयी झाले. आता आमच्याविषयी. बरीच वर्षे झाली. कारखान्याचे नाव सांगत नाही, पाणबुडीशी त्याचा काही संबंध नव्हता. तिथे दाबाची मोठी पिंपे होत. आमच्या युनियनने मोठा लढा देऊन उत्पादन-बोनसचा करार केला होता: ठरल्या तारखेच्या आत माल गेला तर प्रत्येकास जादा रक्कम. द्वारसभेत त्या करारावर आम्ही पाऊण तास बोललो, टाळ्याही मिळाल्या. दिवाळीच्या तोंडावर तपासणी खात्यातल्या एका तरुण माणसाने एका पिंपाचे वेल्डिंग नापास केले. त्याच्या आधीच्या पाळीत रजिस्टरवर 'ठीक' अशी सही झालेली होती, आणि त्याचे म्हणणे की ती सही चाचणी न करताच झाली. माल थांबला. सगळ्यांचा बोनस गेला. साहेबांनी त्याला काही म्हणण्याची वेळच आली नाही. आमच्याच सभासदांनी त्याला कँटीनमध्ये टेबलावर बसू दिले नाही. तो आमच्याकडे आला. आम्ही त्याला म्हणालो, "अरे, आठ दिवस थांबला असतास तर काय बिघडले असते?" पुढे त्याची बदली झाली, आणि आम्ही त्याविरुद्ध एक अर्जसुद्धा केला नाही. ते पिंप नंतर कापून पाहिले, तेव्हा वेल्डिंगमध्ये बोटभर लांबीची फट निघाली. फट निघाल्याची बातमी आम्हांला कळली त्या दिवशी आम्ही घरी जेवलो नाही. पण बदली रद्द करण्यासाठी तेव्हाही काही केले नाही, हेही सांगून टाकतो.

अणुपाणबुडीविषयी आम्ही वाचू लागलो ते या गोष्टीनंतर. आमच्या मते तिच्या सुरक्षिततेचा प्रश्न एका जागी येऊन ठेपतो: "थांबा" म्हणणाऱ्या माणसाचे पुढे काय होते?

जानेवारी २००३ मध्ये, म्हणजे कल्पाक्कमची ती जमिनीवरची भट्टी पेटण्याच्या दहा महिने आधी, त्याच कल्पाक्कमला जळालेल्या अणुइंधनावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात एक झडप निकामी झाली. जहाल किरणोत्सारी द्रव सौम्य द्रवाच्या टाकीत आला. ती टाकी सौम्य आहे या समजुतीने कामगार नमुना घ्यायला गेले. धोका दाखविणारे उपकरण त्या जागी नव्हते. सहा कामगारांना २८० ते ४२० मिलिसिव्हर्टपर्यंत किरणांची मात्रा बसली. नियम असा, की कामगाराला पाच वर्षांत मिळून शंभर आणि कोणत्याही एका वर्षात तीसच्या वर बसू नये. म्हणजे एका दिवसात दहा वर्षांचे! तिथल्या कर्मचारी संघटनेने तीनच दिवसांत लेखी मागण्या दिल्या. त्यांत पूर्णवेळ सुरक्षा अधिकारी नेमा अशीही एक होती. दाद लागेना तेव्हा संप झाला. संपानंतर काही प्रमुख कामगारांच्या बदल्या झाल्या. बाहेरच्या जगाला ही गोष्ट कळायला पावसाळा उजाडला, आणि ती कळली ती संघटनेने वर्तमानपत्रांपर्यंत नेल्यामुळे.

बदलीचा शब्द ऐकून आम्हांला काय वाटले असेल ते आपण जाणालच.

यात आणखी एक गाठ आहे. देशातल्या अणुउद्योगांवर देखरेख ठेवण्यासाठी १९८३ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. २००० साली भाभा केंद्राच्या अखत्यारीतील कारखाने या मंडळाच्या देखरेखीतून काढून केंद्राच्याच अंतर्गत समितीकडे देण्यात आले. कारण संरक्षणाचे, गुप्ततेचे. गुप्तता लागते, हे आम्ही नाकबूल करीत नाही. बोट किती खोल जाते, किती वेगाने जाते, इंधन किती समृद्ध आहे, कुठे दबा धरून बसली आहे, हे आम्हांला कोणी सांगू नये, आम्ही विचारणारही नाही. पण अमुक क्रमांकाच्या कामगाराच्या छातीवरच्या बिल्ल्याने या तिमाहीत किती किरण मोजले, आणि तो आकडा त्याला स्वतःला दाखविला की नाही, यात शत्रूच्या उपयोगाचे काय आहे? मार्च २०१४ मध्ये विशाखापट्टणमला बांधकाम चालू असलेल्या पाणबुडीवर दाबाच्या चाचणीच्या वेळी अपघात होऊन एक कामगार ठार झाला, दोघे जखमी झाले. तिथे किरणोत्साराचा काही संबंध नव्हता. दाबाचे झाकण कोणालाही मारते. साखर कारखान्यात अशा मरणाची चौकशी बाहेरचा निरीक्षक येऊन करतो. संरक्षणाच्या कारखान्यातही बाहेरचाच माणूस हवा. त्याच्याकडून गुप्ततेची शपथ घ्या, पण त्याचा पगार, बढती आणि बदली त्या कारखान्याच्या हाती नसावी.

भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोका समोर दिसत असेल तर तो निदर्शनास आणण्याचा हक्क कामगाराला मिळाला. तेव्हा आम्ही शाळा सोडून नुकतेच कामाला लागलो होतो. कायद्याचे ते कलम पुढे आम्ही कित्येक नोटीसफलकांवर लावले. परंतु कलमाने हक्क मिळतो, बोनस परत मिळत नाही, आणि कँटीनमधले टेबलही मिळत नाही.

एक गोष्ट राहिली. २०१२ साली रशियाकडून दहा वर्षांच्या कराराने एक अणुपाणबुडी आपल्या नौदलात आली. तिला 'चक्र' हे नाव दिले गेले, आणि २०२१ मध्ये ती परत गेली. तिचे आधीचे नाव 'नेर्पा'. नोव्हेंबर २००८ मध्ये जपानच्या समुद्रात तिची चाचणी चालू होती. नेहमीचे कर्मचारी सत्तरऐंशी, त्या दिवशी आत २०८ माणसे. बहुतेक गोदीचे कामगार आणि तंत्रज्ञ. आग नसताना आग विझविण्याचा वायू सुटला. २० माणसे गुदमरून मेली, त्यांतली १७ मुलकी. भट्टीला धक्का लागला नाही. त्या वायूऐवजी स्वस्त आणि विषारी द्रव मिसळलेला होता अशा बातम्या पुढे रशियन वर्तमानपत्रांत आल्या. पण पहिल्या दोनचार दिवसांत खापर कोणावर फुटले? एका साध्या खलाशावर. त्याने उगीच बटणे दाबली, असे जाहीर झाले. २०११ साली ज्यूरीने त्याला निर्दोष ठरविले. कारखान्यात अपघात झाल्यावर पहिल्या दिवशी जो रिपोर्ट लिहिला जातो, त्यात चूक नेहमी सर्वांत कमी पगाराच्या माणसाची असते. हे वाक्य आम्ही तीस वर्षांच्या चौकश्यांवरून बोलतो.

आमच्या स्वतःच्या घरात आम्ही काय दुरुस्ती केली, हे कोणी विचारील. आता बोनसच्या करारात आम्ही एक कलम घालतो: तपासणीने थांबविलेला वेळ उत्पादनाच्या हिशेबातून वजा धरावा, आणि नापास करणाऱ्या माणसाची बदली एक वर्षभर युनियनला विचारल्याशिवाय होऊ नये. पहिल्या वेळी मालकांपेक्षा आमच्याच कमिटीने जास्त विरोध केला. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "तुम्ही युनियन चालवता का इन्स्पेक्शन?" दोन लहान कारखान्यांत ते कलम मान्य झाले आहे. एका ठिकाणी त्याचा उपयोग एकदा झाला. माल दोन दिवस उशिरा गेला आणि बोनस पूर्ण मिळाला. तिसऱ्या कारखान्यात, भोसरीला, बोलणी अडली आहेत. व्यवस्थापन वर्षाऐवजी तीन महिने म्हणते. येत्या मंगळवारी पुन्हा बैठक आहे, आणि त्या बदली झालेल्या माणसाला, आता त्याचेही केस पांढरे झाले आहेत, आम्ही आमच्या बाजूने टेबलाशी बसायला बोलावले आहे. तो येतो म्हणाला आहे.